वरंधा, सेकंड गिअरमध्ये

पावसाळ्यात धबधबे आणि भजी यांच्यासाठी वरंधा घाटात सगळेच जातात. पण भर मे महिन्यात, रणरणत्या उन्हात, मागच्या सीटवर एक निवृत्त एसटी ड्रायव्हर बसवून हा घाट उतरायचा म्हणजे काय असतं?

शनिवारी रात्री साडेदहाला पहिली विकेट पडली. 'सॉरी, उद्या रिलीज आहे.' पाच मिनिटांनी दुसरी. 'बायकोच्या मावशीकडे बारसं आहे, विसरलोच होतो.' तिसऱ्यानं तर कारणही दिलं नाही, नुसते हात जोडले. चार बाइक, सात माणसं, पंधरा दिवसांचं प्लॅनिंग. शेवटी उरली कोण, तर मी आणि माझी सेकंडहँड पल्सर.

तुमच्याही ग्रुपचं असंच होतं ना? आठवडाभर सगळे सॉलिड उत्साहात असतात आणि शनिवारी रात्री एकेकाला घरदार आठवतं. मी वैतागून मोबाइल सोफ्यावर आपटला. समोर पप्पा ताक पीत बसले होते.

''कुठं जायचं होतं?''

''वरंधा घाट. भोरवरनं महाड आणि परत.''

पप्पांनी पेला खाली ठेवला. ''मी येतो.''

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण पप्पा चेष्टा करत नाहीत. तीस-एक वर्षं एसटीचं स्टेअरिंग हातात धरलेल्या माणसाला तेवढी सवड मिळालेली नसते. त्यातली कित्येक वर्षं ते स्वारगेटहून भोरमार्गे महाडला जाणारी गाडी चालवायचे. माझ्या लहानपणी 'पप्पा कुठंयत?' या प्रश्नाचं घरात एकच उत्तर असायचं, 'घाटात.' निवृत्तीनंतरही स्कूटरवरून भाजी आणायला ते जायचे. मग दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं. समोरचं नीट दिसतं, पण बाजूचं हळूहळू जातंय, त्यामुळे गाडी चालवणं बंद. त्या दिवशी पप्पांनी स्कूटरची किल्ली आईच्या हातात दिली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पप्पा दुसऱ्याच्या गाडीत झोपत नाहीत. बस, रिक्षा, लग्नाची ट्रॅक्स, कशातही नाही. ते ताठ बसून समोर बघत राहतात आणि उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत असतो. माझ्या मागे तर ते आजवर बसलेच नव्हते.

आई म्हणाली, ''दोघांचंही डोकं फिरलंय.'' आणि पहाटे उठून तिनं लिंबू सरबताच्या दोन बाटल्या भरल्या, आम्हा दोघांच्या खिशात एकेक कांदा कोंबला. ऊन लागू नये म्हणून. माझ्या रायडिंग जॅकेटच्या खिशात त्यानंतर चार दिवस कांद्याचा वास येत होता.

नेकलेस आणि मिसळ

साडेपाचला निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडला की पुण्याची हवा संपते. खेड-शिवापूर, नसरापूर मागे पडलं, कापूरहोळला महामार्ग सोडून उजवीकडे भोरचा रस्ता धरला. भोरच्या अलीकडे नीरा नदी एक मोठा गोल वळसा घेते. त्या जागेला सगळे 'नेकलेस पॉइंट' म्हणतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो नेकलेस बघायला मी बाइक थांबवली आणि फोटो काढू लागले. पप्पांनी मान पूर्ण उजवीकडे वळवली, मग पूर्ण डावीकडे. डोळ्याच्या कोपऱ्यातून आता दिसत नाही, म्हणून त्यांना नदीसुद्धा तुकड्या-तुकड्यांनी बघावी लागते, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

भोर म्हणजे पंतसचिवांचं संस्थान. राजवाडा अजून दिमाखात उभा आहे आणि सिनेमावाल्यांचा लाडका आहे. आम्ही मात्र एसटी स्टँडजवळ मिसळ खाल्ली. पप्पांना तिथं कोणीतरी ओळखेल अशी माझी आशा होती. कोणी ओळखलं नाही. ड्रायव्हर, कंडक्टर सगळे नवे, माझ्याच वयाचे. पप्पा थोडा वेळ स्टँडवर लागलेल्या गाड्या बघत उभे राहिले. ''चल, ऊन चढतंय,'' म्हणाले.

भोरच्या पुढे नीरा देवघर धरणाचं पाणी सुरू होतं आणि रस्ता कितीतरी वेळ त्याच्या काठाकाठानं जातो. पावसाळ्यानंतरचे फोटो बघितलेत तर हिरवं-निळं काश्मीर वाटेल. मे महिन्यात मात्र पाणी पार आत सरकलेलं असतं. उघड्या पडलेल्या तळात भेगाळलेला गाळ आणि मधूनच एखाद्या जुन्या बांधाची रेघ. धरण व्हायच्या आधीची शेतं आहेत ती. पप्पांनी हा रस्ता दोन्ही रूपांत पाहिलाय. ''जुना रस्ता खालून होता,'' त्यांनी मागून हात लांब करून पाण्याकडे दाखवलं. मी बघितलं, नुसतं पाणी होतं.

निगुडघर, देवघर, हिर्डोशी. गावं लहान होत गेली आणि रस्ता अरुंद. काही ठिकाणी नवंकोरं गुळगुळीत, तर काही ठिकाणी रुंदीकरणासाठी उकरून ठेवलेलं, खडी आणि मुरूम. बहावा फुलला होता. पानं एकही नाही आणि पिवळ्या घोसांनी झाड लगडलेलं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी करवंदं घेऊन बसली होती, पळसाच्या पानाच्या द्रोणात. पप्पांनी दोन द्रोण घेतले आणि चीक ओठाला लागू न देता कशी खायची याचं मला प्रात्यक्षिक दिलं. माझे ओठ चिकटलेच.

शिरगाव आलं. या गावात नीरा नदीचा उगम आहे. इथलं पाणी पूर्वेला निघतं, नीरा-नरसिंहपूरला भीमेत मिसळतं, भीमा कृष्णेला मिळते आणि ते पाणी थेट बंगालच्या उपसागरात जातं. इथून थोडंच पुढे घाटमाथा आहे. माथ्यापलीकडे पडलेला थेंब सावित्रीत जातो आणि बाणकोट-हरिहरेश्वरापाशी अरबी समुद्राला मिळतो. म्हणजे पावसाचे दोन थेंब शेजारी-शेजारी पडले, तरी एक पूर्वेच्या समुद्राला आणि एक पश्चिमेच्या. शाळेत 'सह्याद्री हा जलविभाजक आहे' असं घोकलं होतं. ते वाक्य पायाखाली असं कधी आलं नव्हतं.

'दुसरा टाक'

घाटाच्या तोंडाशी कावळ्या किल्ला आहे. रस्ता या किल्ल्याच्या खिंडीतून जातो, त्यामुळे किल्ल्याचे दोन तुकडे झाल्यासारखे दिसतात. डाव्या-उजव्या हाताला डोंगर आणि मधून आपण. खिंड ओलांडली की जमीन संपते. खरंच संपते. देशावरचा सपाट पठारी प्रदेश एकदम कापून टाकावा तसा खाली कोसळतो आणि समोर कोकण. मे महिन्याच्या धुरकट उन्हात एकामागे एक डोंगरांच्या रांगा, प्रत्येक मागची रांग थोडी अधिक फिकट. पावसाळ्यात इथं ढगात काही दिसत नाही. हिरवळ नसते म्हणून उन्हाळ्यात सह्याद्रीला लोक नावं ठेवतात, पण कातळाचे थर, कडे, घळी, सगळा सांगाडा बघायचा असेल तर आत्ताच यायला हवं.

आणि मग उतार सुरू झाला.

''दुसरा टाक,'' मागून आवाज आला.

टाकला.

''हॉर्न दे. वळणाच्या आधी दे, वळणात नको.''

दिला.

''वर येणाऱ्याला आधी जाऊ दे. चढणीच्या गाडीचा मान असतो.''

थांबले.

''क्लच सोड. क्लच दाबून उतरतात का घाट?''

बॉस, मी दहा वर्षं बाइक चालवतेय. लेह-लडाखला जाऊन आलेय. पण पप्पांच्या लेखी मी अजून पंधरा वर्षांची होते आणि घराच्या गल्लीत पहिल्यांदा स्कूटर शिकत होते. वर ते पुढचं सगळं आधीच सांगत होते. ''आता मोरी येईल. मग डावं वळण, त्याच्या बाहेर आंबा.'' मोरी यायची. डावं वळण यायचं. आंबा एकदा होता, एकदा नुसता बुंधा होता. डोळ्यांना दिसत नव्हतं ते त्यांच्या अंगाला आठवत होतं. वळण यायच्या आधीच ते मागे नेमक्या बाजूला कलायचे.

पण पाचव्या 'दुसरा टाक'ला माझं डोकं सटकलं. ''पप्पा, मला चालवू द्या ना!'' असं ओरडले आणि मुद्दाम तिसरा टाकला.

पुढच्याच वळणावर रस्ता उकरलेला होता. सुटी खडी पसरलेली, तीही नेमकी वळणाच्या आतल्या बाजूला. मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. बाइक चालवणाऱ्या कोणालाही विचारा, खडीवर पुढचा ब्रेक दाबायचा नसतो. मलाही माहीत होतं. पुढचं चाक गेलं आणि आम्ही दोघं डाव्या कुशीवर.

स्पीड जेमतेम पंधरा-वीस असेल. माझा कोपर खरचटला, क्लचचा लिव्हर वाकला. मी धडपडत उठले, मागे बघते तर पप्पा रस्त्यात बसलेले, हेल्मेट सरळ करत. पँट गुडघ्यावर फाटलेली आणि त्यातून रक्त. खाली दरी आणि मध्ये एक सिमेंटचा कठडा, ढोपराएवढ्या उंचीचा.

''पप्पा!''

''आधी गाडी बाजूला घे,'' ते म्हणाले. ''वरून कोणी आलं तर?''

मी गाडी बाजूला घेतली. हात थरथरत होते. पप्पा उठले, लंगडत आले, लिव्हर हातानं हळूहळू वाकवून जागेवर आणला. मला वाटलं, आता सुरू होणार. काही बोलले नाहीत. ते गप्प राहिले त्याचंच जास्त लागलं.

न पडलेली दरड

परत थोडं वर वाघजाईच्या देवळापाशी आलो. घाटातलं हे सगळ्यांच्या ओळखीचं ठिकाण. देऊळ, टपऱ्या, गरम भजी आणि माकडांची टोळी. वर कातळात खोदलेली पाण्याची जुनी टाकी आहेत. टपरीवाल्या मावशींनी पप्पांचा गुडघा बघितला, काही न विचारता पाण्याचा तांब्या आणि हळद आणून दिली. मग चहा.

धंदा कसा आहे म्हणून विचारलं तर मावशी म्हणाल्या, ''पावसात खरा धंदा. आणि पावसातच घाट बंद.'' गेली काही वर्षं दरडींच्या धोक्यामुळे पावसाळ्यात हा घाट बंद ठेवण्याचे आदेश निघतात. कधी फक्त जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच. आपण इन्स्टावर 'घाट बंद, मूड ऑफ' असं टाकून दुसरा घाट शोधतो. मावशींना दुसरा घाट नाही. ''मग राग येत नाही?'' मी विचारलं. कढईतली भजी उलटत त्या म्हणाल्या, ''राग कुणावर धरायचा, डोंगरावर?''

चहा पिताना पप्पा अचानक बोलायला लागले. गुडघ्यावर हळद, हातात काचेचा ग्लास आणि नजर समोर.

''एकदा जुलैत महाडहून शेवटची गाडी घेऊन वर येत होतो. धुकं असं की, वायपरच्या पलीकडे काही नाही. या इथून खाली, तिसऱ्या-चौथ्या वळणावर कंडक्टरला म्हटलं, ऐक. बारीक खडे पडत होते. टपावर नाही, रस्त्यावर. टिक, टिक. मी गाडी थांबवली. तीन तास थांबवली. चाळीस-पंचेचाळीस पॅसेंजर. काय काय बोलले मला! एकाची बायको दवाखान्यात होती. एक जण म्हणाला, ड्रायव्हर घाबरट आहे, उतरा त्याला खाली.''

''मग दरड पडली?''

''नाही ना,'' पप्पा हसले. ''नाही पडली. तीन तासांनी उजाडायला लागलं, मी गाडी काढली, स्वारगेटला आलो. कोणी थँक्यू म्हटलं नाही. म्हणणार कशाबद्दल? काहीच झालं नव्हतं.''

थोडा वेळ गेला. मग ते म्हणाले, ''अशी काहीच न झालेली माझी तीस वर्षं आहेत बघ.''

मला काय बोलावं कळेना. २२ जुलै २०२१ रोजी याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो आणि पप्पा पडद्यावरच्या डोंगराकडे बघून मधूनच म्हणत होते, ''खडे पडले असतील आधी. खडे पडतात.'' तेव्हा मला ते बोलणं कळलं नव्हतं.

मी मुद्दाम विचारलं, ''मगाशी मी पडले तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत.''

''तुला कळलं होतं की. कळल्यावर काय बोलायचं?''

उरलेला घाट मी सेकंड गिअरमध्ये उतरला. कोणी न सांगता.

सावित्री

देशावरचा उन्हाळा भाजतो आणि कोकणातला उकडतो. घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत जॅकेटच्या आत अक्षरशः इडली झाली होती. इथून एक फाटा शिवथरघळीला जातो. समर्थ रामदासांनी कल्याणस्वामींकडून दासबोध लिहून घेतला तो इथेच, अशी श्रद्धा आहे, आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ही घळ शोधून काढली. भर दुपारी थंडगार गुहा म्हणजे मोह होताच, पण पप्पांचा गुडघा पायऱ्या चढण्याच्या अवस्थेत नव्हता. तुम्ही गेलात तर चुकवू नका.

बिरवाडीवरून महाड. एका खानावळीत बांगडा, भाकरी आणि दोन-दोन वाट्या सोलकढी. मग चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले आणि ओंजळीनं पाणी प्यायले, हजारो माणसं त्यांच्या मागोमाग प्यायली. इयत्ता चौथीत असताना पप्पांनीच मला एकदा एसटीनं इथं आणलं होतं, त्यांच्याच गाडीत, ड्रायव्हरच्या केबिनच्या मागच्या सीटवर बसवून. तेव्हा मला तळ्यापेक्षा गोळेवाल्याची गाडी जास्त आठवत होती. आता त्या पायऱ्यांवर दुपारच्या उन्हात उभी राहिले आणि घशाला पडलेली कोरड जाणवली. बाटलीतलं पाणी सहज तोंडाला लावताना हात जरा थांबला. पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता, याच गावात.

मी म्हटलं, ''पप्पा, गुडघा दुखतोय. तुम्ही स्टँडवरून एसटीनं परत जा ना. मी मागून येते.''

''एसटीत बसलो तर पूर्ण रस्ता मलाच चालवावी लागेल,'' ते म्हणाले. ''त्यापेक्षा तुझ्या मागे बरा.'' मग थोडं थांबून, ''जाताना सावित्रीच्या पुलावर घे.''

आता मला कळलं की ताकाचा पेला खाली ठेवताना त्यांच्या डोक्यात वरंधा नव्हताच.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा जुना, ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या अंधारात नदीत गेल्या. किती तरी दिवस शोध चालला. नवा पूल विक्रमी वेळात बांधला गेला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. त्या वेळी पप्पांच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. त्या रात्रीनंतर ते नेहमीसारखे ड्युटीवर जात राहिले, घरी येऊन जेवत राहिले. आम्हा कोणाला ते त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

पुलाच्या अलीकडे एका झाडाखाली बाइक लावली. मे महिन्यातली सावित्री म्हणजे दगडांच्या मधून वाट काढणारं थोडंसं पाणी. ही नदी पूल गिळू शकते यावर विश्वासच बसत नाही. एक गुराखी पोरगा म्हशींना पाण्यात सोडून वर बसला होता. ट्रक, कार, लक्झरी बस सुसाट जात होत्या. कोणी थांबत नव्हतं, थांबण्याचं कारणही नव्हतं.

पप्पा लंगडत कडेला गेले. खिशातून एक नाणं काढलं, मग दुसरं. दोन्ही खाली सोडली. पाण्यात पडली की दगडावर, ते दिसलं नाही.

''ओळखीचे होते?'' मी विचारलं.

''नाही. त्यांचा डेपो वेगळा.'' मग म्हणाले, ''रात्री, पावसात, पूल दिसतो तेव्हा ड्रायव्हर काय करतो? गिअर बदलतो आणि जातो. पुलाला कोण विचारतं? मीही तेच केलं असतं. मी पण थांबलो नसतो.''

एवढंच. घाटात खडे ऐकून तीन तास थांबलेला माणूस हे बोलत होता. त्या दिवसापासून तो हाच हिशेब करत असणार. थांबण्याचं शहाणपण आपल्या अंगात होतं की फक्त नशीब होतं, याचा. मला उत्तर येत नव्हतं. मी नुसती त्यांच्या शेजारी, त्यांना दिसेल अशी, जरा पुढे सरकून उभी राहिले.

तेवढ्यात पुण्याच्या दिशेनं एक लाल एसटी गेली. पप्पांनी हात वर केला. ड्रायव्हरनं, का कोण जाणे, हॉर्न दिला.

परत, चढणीनं

चारला ऊन कलल्यावर निघालो. चढताना घाट वेगळाच दिसतो. सकाळी पायाखाली असलेले कडे आता डोक्यावर होते, पश्चिमेच्या उन्हात तांबूस झालेले. कुठून तरी पावशा ओरडत होता, म्हणजे पाऊस पंधरा-वीस दिवसांवर. मी ज्या वळणावर पडले होते तिथं आले. हॉर्न दिला, आधीच. दुसऱ्यावर होतेच. खडीच्या बाहेरून, सरळ, ब्रेकला हात न लावता. मागून काहीच आवाज नाही. उतरणारा एक टेम्पो माझ्यासाठी थांबला. चढणीच्या गाडीचा मान!

वाघजाईपाशी मावशींनी लांबूनच हात केला. खिंड ओलांडली आणि कोकण मागे गेलं. शिरगाव, हिर्डोशी. मग धरणाचं पाणी, संध्याकाळच्या उजेडात तांब्याच्या पराती ठेवल्यासारखं. सपाट रस्ता, गार वारा. मी गुणगुणत होते. अशात माझ्या हेल्मेटवर मागून टक्कन काहीतरी आपटलं. मग पुन्हा. टक.

मी आरशात बघितलं. पप्पांची मान खाली गेली होती.

पिलियनला झोप लागणं धोक्याचं असतं, हे मला माहीत आहे. म्हणून मी सावकाश गाडी थांबवली. पण खरं सांगू? आणखी पन्नास-शंभर मीटर मी ती तशीच चालवली असेल, अगदी हळू, वळण नसलेल्या रस्त्यावर.

''काय झालं?'' दचकून ते म्हणाले.

''काही नाही. चहा. तुम्हाला डुलकी लागली होती.''

''छे,'' पप्पा हेल्मेट काढत म्हणाले. ''डोळे मिटले होते फक्त.''

घरी पोचायला नऊ वाजले. आईनं फाटलेली पँट बघितली, माझा कोपर बघितला, मग आम्हा दोघांकडे बघितलं.

''काय झालं घाटात?''

''काही नाही झालं,'' पप्पा म्हणाले. आणि माझ्याकडे बघून हसले.

तुम्ही जाणार असाल तर...

मार्ग: पुणे, कापूरहोळ, भोर, निगुडघर, हिर्डोशी, वरंधा घाट, बिरवाडी, महाड. येऊन-जाऊन अडीचशे किलोमीटरच्या वर होतं. एका दिवसात जमतं, पण पहाटे निघा.

रस्ता: घाटात रुंदीकरण आणि दुरुस्तीची कामं निघत असतात. खडी, मुरूम आणि अरुंद वळणं गृहीत धरा. पावसाळ्यात जाण्याआधी घाट सुरू आहे का, याची चौकशी करा. बंद असेल तर बंद. बॅरिकेडच्या बाजूनं बाइक काढणाऱ्यांतले होऊ नका.

पेट्रोल: टाकी भोरलाच फुल करा. घाटात पंप नाही आणि मोबाइलची रेंजही मधूनमधून जाते.

उन्हासाठी: अकराच्या आत घाट उतरा आणि चारनंतरच चढा. माणशी तीन लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू, फुल हातांचं जॅकेट. खिशातला कांदा ऐच्छिक.

बघण्यासारखं: भोरचा राजवाडा, नेकलेस पॉइंट, कावळ्या किल्ला, वाघजाई, शिवथरघळ, महाडचं चवदार तळं. वेळ असेल तर एक रात्र महाडला काढून दुसऱ्या दिवशी रायगड.

आणि हो: ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा.